सिंगापूर : सॅक पाठीला लावून दीड दिवसाचा थांबा (व्हिसा, सामान, एमआरटी मेट्रो, खाणं, फिरण्याचा क्रम)

सह्यसॅक

बाली, व्हिएतनाम, ऑस्ट्रेलिया या वाटेवर बरेच जण सिंगापूरला दीड-दोन दिवस थांबतात. शहर लहान आहे, वाहतूक उत्तम आहे, रात्री एकट्याने चालता येतं. त्यामुळे थांबा सोपा वाटतो आणि तयारी उरकली जाते. पण इथला थांबा फसतो तो शहरात पोचल्यावर क्वचितच. तो फसतो आधी, तिकीट काढताना आणि सॅक भरताना. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तिकीट एकच आहे की दोन वेगवेगळी? एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास असेल आणि सामान थेट शेवटच्या विमानतळापर्यंत टॅग झालं असेल, तर तुम्ही ट्रान्झिट भागात (इमिग्रेशन पार न करता, विमानतळाच्या आतच) राहू शकता. भारतीय पासपोर्टला त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा लागत नाही. स्वस्तातली दोन सुटी तिकिटं जोडली की गणित बदलतं. चेक-इन केलेली बॅग सिंगापूरच्या पट्ट्यावर येते, ती घ्यायला इमिग्रेशन पार करावं लागतं, आणि तिथे व्हिसा हवा. व्हिसा नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. नुसती केबिन बॅग असली तरी बाहेर पडून शहर बघायचं म्हटलं की व्हिसा लागणारच.

व्हिसा. भारतीयांनी तो आधी काढायचा, अधिकृत एजंटमार्फत. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, परत न मिळणारं. एजंटचा आकार वेगळा. फोटो ३५ × ४५ मिमी, पांढरी पार्श्वभूमी. अर्ज मागे येतो तो बहुतेक फोटोमुळे किंवा पासपोर्टवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळत नाही म्हणून. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी.

९६ तासांची सवलत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांनी दिलेला, सिंगापुरात शिरताना किमान महिनाभर मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल तर तिसऱ्या देशात जाता-येता ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळू शकतो. यातल्या तीन अटी लोक वाचत नाहीत. एक, पुढचं पक्कं तिकीट विमानाचं किंवा बोटीचं हवं, बसने मलेशियातल्या जोहोर बारूला जाणार असाल तर ही सवलत नाही. दोन, शेंगेन व्हिसा चालतो तो फक्त जर्मनी किंवा स्वित्झर्लंडने दिलेला. फ्रान्स किंवा इटलीचा नाही. तीन, एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर सवलत परतीच्या वाटेवर, म्हणजे त्या देशात जाऊन आल्यावर. शिवाय शेवटचा निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा.

एसजी अरायव्हल कार्ड. पोचण्याच्या दिवसासह ३ दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं. फुकट आहे. पैसे मागणारी प्रत्येक साइट दलालाची समजा. ईमेल नीट लिहा, कारण पासपोर्टवर आता शिक्का मारत नाहीत. किती दिवस राहता येईल ते ई-पासवर येतं आणि तो त्या ईमेलवर पाठवतात.

सॅकमधून काढून ठेवायच्या गोष्टी. ही यादी आपल्याकडच्या लोकांनी मन लावून वाचावी. खसखस सिंगापुरात अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. नुसती पुडीच नाही, खसखस लावलेले अनारसे आणि सारणात खसखस असलेल्या करंज्याही घरी ठेवा. व्हेप (ई-सिगारेट) आणत नाहीत, बाळगतही नाहीत. च्युइंगगम नको. सिगारेटला शुल्कमाफी अजिबात नाही, एक पाकीट असलं तरी कस्टम्सच्या लाल चॅनेलमध्ये जाऊन जाहीर करा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या यांना आधी परवानगी लागू शकते. डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवीच. आणि कुणाचंही बंद पार्सल "पोचवा ना तेवढं" म्हणून घेऊ नका. तिथे अमली पदार्थांच्या गुन्ह्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे.

---

खिडकीचीसीट

फार उपयोगी. माझा प्रसंग असा: मुंबई–सिंगापूर आणि सिंगापूर–बाली वेगवेगळी तिकिटं. सकाळी ८ ला उतरणार, दुसऱ्या दिवशी दुपारी ३ चं विमान. दुसऱ्या कुठल्या देशाचा व्हिसा नाही. ४० लिटरची सॅक, साधारण ९ किलो. शाकाहारी, अंडंही नाही. प्रश्न:
१) शहरात कसं जायचं, पास घ्यावा का?
२) बॅग कुठे ठेवायची?
३) खायचं काय?

---

निळीछत्री

@खिडकीचीसीट, तुम्हाला व्हिसा लागेल, ९६ तासांचं विसरा. दोन्ही विमानांची केबिन बॅगची मर्यादा तपासा. काही कंपन्या ७ किलो देतात, काही दोन नग मिळून १०. तुमची ९ किलोची सॅक एका विमानात बसेल आणि दुसऱ्यात काउंटरवर दंड भरून जाईल. ऑनलाइन आधी सामान घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. पॉवरबँक केबिनमध्येच ठेवा. सिंगापूर एअरलाइन्स आणि स्कूटमध्ये १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवरबँक वापरायला मनाई आहे, म्हणून फोन आधीच भरून घ्या.

आता एमआरटी. चांगी एअरपोर्ट स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या तळघरात आहे. टर्मिनल १ ला उतरलात तर स्कायट्रेन घ्या किंवा शेजारच्या ज्युएल मॉलमधून चालत या. टर्मिनल ४ हून शटल बस. गाडीत बसल्यावर दोन वाटा:

– पहिलंच स्टेशन एक्स्पो. इथे निळ्या डाउनटाउन लाइनला बदललं की चायनाटाउन, बेफ्रंट थेट.
– दुसरं तानाह मेराह. इथे हिरवी ईस्ट वेस्ट लाइन. लॅव्हेंडर, बुगिस, सिटी हॉल या बाजूला जायला ही जलद.

नकाशात फसवणारी जागा लिटल इंडिया. एक्स्पोहून निळ्या लाइनने लिटल इंडिया स्टेशनपर्यंत गेलात तर गाडी चायनाटाउन, बेफ्रंट असा अख्खा वळसा घालून येते. त्याऐवजी त्याच लाइनवर अलीकडे जालान बसारला उतरा, किंवा हिरव्या लाइनने बुगिसपर्यंत येऊन दोन स्टेशनं निळ्याने जा. मुस्तफा या मोठ्या दुकानाच्या बाजूचं हॉस्टेल असेल तर जांभळ्या लाइनवरचं फेरर पार्क जवळ.

चांगीहून पहिली गाडी पहाटे साडेपाचच्या सुमारास, शेवटची रात्री सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर टॅक्सी किंवा ग्रॅब (ॲपवरून बोलवायची गाडी). मध्यरात्री १२ ते ६ मीटर टॅक्सीला भाड्यावर ५० टक्के अधिभार असतो, त्यावर विमानतळाचा वेगळा. म्हणून रात्री ग्रॅबचा आकडा आधी बघा.

---

रोजमेळ

पासाचं मी सांगतो. टूरिस्ट पास एका दिवसाचा १७ डॉलर. एक फेरी अंतराप्रमाणे साधारण सव्वा ते अडीच डॉलर. दिवसात ८-१० फेऱ्या केल्या तरच पास वसूल होतो, आणि दीड दिवसात एवढ्या होत नाहीत. तीन पर्याय उरतात:

व्हिसा/मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटवर टेकवायचं. परदेशी कार्डाला वापराच्या प्रत्येक दिवशी ०.६० डॉलर प्रशासकीय शुल्क, वर तुमच्या बँकेचा परकीय चलनाचा आकार. दोन दिवसांसाठी हेच सोयीचं. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस अशा दोन्ही कळा चालू करा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमापासून नव्या कार्डावर त्या बंद येतात, आणि गेटवर लाल दिवा लागण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. नुसतं रुपे कार्ड गेटवर धरून चालू नका.

ईझी-लिंक कार्ड: १० डॉलर, त्यात ५ कार्डाचे (परत मिळत नाहीत) आणि ५ प्रवासाचे. तीन-चार दिवस राहणार किंवा परत येणार असाल तर घ्या.

फोनमधलं कार्डही चालतं, पण आत जाताना फोन आणि बाहेर पडताना प्लास्टिकचं कार्ड असं केलंत तर यंत्रणेला ते दोन वेगळे प्रवासी दिसतात आणि दोघांकडून जास्त भाडं कापलं जातं. एका व्यक्तीला एकच साधन, शेवटपर्यंत. जोडीने फिरताना दोघांना दोन कार्डं हवीत. बसमधून उतरतानाही टेकवा, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं लागतं.

गाडीत आणि स्टेशनात खाणं-पिणं बंद, ५०० डॉलरपर्यंत दंड. यात पाण्याचा घोटही आला.

रोख म्हणाल तर दीड दिवसाला ५०-६० डॉलर जवळ ठेवा. हॉकर सेंटर, म्हणजे एका छताखालच्या खाण्याच्या टपऱ्या, तिथल्या बऱ्याच टपऱ्या रोख किंवा स्थानिक क्यूआर एवढंच घेतात. सुटी नाणी जपा, काही ठिकाणी स्वच्छतागृहाला १०-२० सेंट लागतात.

---

वाफाळता

खाण्याचं माझ्याकडे. अंडंही न खाणाऱ्याने सिंगापुरात उपाशी राहायचं कारण नाही, पण दिसतं तसं नसतं हे धरून चालावं.

सर्वांत निर्धास्त भाग लिटल इंडिया. टेक्का सेंटरच्या खालच्या मजल्यावर हॉकर टपऱ्या आहेत, तिथे डोसा-इडली मिळते, पण शेजारच्या टपरीवर मटण असतं. पूर्ण शाकाहारी जागा हवी असेल तर सेरांगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासून. चायनीज शाकाहारी खाऊन बघायचं असेल तर बुगिसजवळ वॉटरलू स्ट्रीटच्या देवळापाशी फू लू शू कॉम्प्लेक्समध्ये जा. बौद्ध पद्धतीचं शाकाहारी म्हणजे पुष्कळदा कांदा-लसूणही नाही. तिथलं "चिकन", "मासा" हे सोया, मश्रूम किंवा ग्लूटेनचं असतं, दचकू नका. अंड्याबद्दल मात्र विचारा, काही जण वापरतात.

नकळत फसवणारे पदार्थ:
– रोजक: फळं आणि काकडीचं सॅलड दिसतं, वरचा काळा सॉस कोळंबीचा.
– कॅरट केक: गाजरही नाही, गोडही नाही. मुळ्याच्या वड्या अंड्यात परततात.
– सांबळ: जवळजवळ नेहमी बेलाचान, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट.
– काया टोस्ट: काया हा नारळ आणि अंड्याचा मुरंबा.
– रोटी प्राटा (आपल्या पराठ्यासारखा): साधा मागा, "नो एग" म्हणा. सोबतची करी पुष्कळदा माशाची किंवा चिकनची असते, तेव्हा "डाल करी" आधी सांगा.
– भाजी-नूडल्स: तेल डुकराच्या चरबीचं किंवा रस्सा हाडांचा असू शकतो. "नो मीट" एवढ्याने भागत नाही. "व्हेजिटेरियन, नो एग, नो फिश, नो प्रॉन" असं मोजून सांगा.

हॉकरमध्ये एक जेवण ४ ते ७ डॉलर, कॉफी दीडच्या आसपास. "कोपी" म्हटलं की कंडेन्स्ड दूध आणि साखर. "कोपी-ओ" काळी पण गोड. "कोपी-ओ कोसोंग" काळी, बिनसाखरेची. बर्फ हवा तर शेवटी "पेंग". चहाला तेच, फक्त "तेह". रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे ++ असेल तर १० टक्के सेवा आणि ९ टक्के जीएसटी वर लागतो. हॉकरमध्ये लिहिलं तेवढंच द्यायचं.

टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली आहे. जेवून झाल्यावर ट्रे उचलून ठेवणं १ सप्टेंबर २०२१ पासून बंधनकारक आहे. आधी ताकीद, मग दंड. सोमवारी बऱ्याच टपऱ्या बंद असतात आणि अधूनमधून अख्खं हॉकर सेंटर साफसफाईला बंद ठेवतात, त्या तारखा आधी जाहीर होतात. नळाचं पाणी थेट पिता येतं. बाटली भरून घ्या, विकतचं घेऊ नका.

---

निळीछत्री

हॉस्टेलबद्दल थोडक्यात. लॅव्हेंडर–जालान बसार, लिटल इंडिया, कम्पोंग ग्लॅम, चायनाटाउन या चार भागांत खाट किंवा कॅप्सूल ३० ते ५० डॉलर. चेक-इन दुपारी २-३ नंतर, पण सॅक सकाळी ठेवून घेतात. तसं ठेवतात ना आणि आंघोळीची सोय आधी मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारा. कुलूप स्वतःचं न्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, आपल्या गोल पिना बसत नाहीत. खिडकी नसलेल्या खोल्या पुष्कळ आहेत आणि एसी कडक असतो, पातळ चादर उपयोगी पडते.

---

घाटमाथा

फिरण्याचा क्रम. इथे विषुववृत्त जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे सकाळी ८ ला उतराल तेव्हा शरीराच्या हिशेबाने साडेपाचच वाजलेले असतात, तेही जागरणानंतर. ११ ते ४ उन्हात चालण्याचा हट्ट केला तर संध्याकाळ वाया जाते, आणि या शहराची संध्याकाळ हीच खरी कमाई आहे.

सकाळ (साडेनऊ–साडेअकरा). हॉस्टेलवर सॅक टाकून टेक्काला न्याहारी. सेरांगून रोडवर वीरमाकाळीअम्मन देऊळ. दुपारी देवळं बंद होतात, म्हणून सकाळीच. तिथून कम्पोंग ग्लॅम सव्वा-दीड किलोमीटर, चालतच. सुलतान मशिदीत अंग झाकलेलं हवं, झगा तिथे देतात. शुक्रवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत.

दुपार. जेवण, हॉस्टेल, आंघोळ, दोन तास झोप. हा वेळ वाया गेला असं मानू नका.

संध्याकाळ. पाचला चायनाटाउन. साउथ ब्रिज रोडवर १८२७ चं श्री मारिअम्मन देऊळ, आणि जवळच बुद्ध टूथ रेलिक टेंपल. मॅक्सवेल हॉकर सेंटरला हलकं खा. तिथून राफल्स प्लेसमार्गे मर्लायन या सिंहमुखी पुतळ्यापर्यंत पाऊण तास धरा, फोटोंसह. साडेसहाच्या आत मर्लायन सोडा. ज्युबिली ब्रिज, एस्प्लनेड, हेलिक्स ब्रिज असा उपसागराला वळसा घालत गार्डन्स बाय द बेपर्यंत अडीच किलोमीटरच्या आसपास चाल आहे.

तिथल्या सुपरट्री या उंच कृत्रिम झाडांचा प्रकाश-संगीताचा खेळ ७.४५ आणि ८.४५ ला, सुमारे १५ मिनिटं, फुकट. झाडांच्या मधोमध जमिनीवर आडवं पडून बघतात लोक, तेच योग्य. ७.४५ चा बघा, मग ड्रॅगनफ्लाय ब्रिजवरून मरीना बे सँड्स हॉटेल ओलांडून पाण्याकडच्या बाजूला या, तिथे ९ ला स्पेक्ट्रा हा पाण्याच्या कारंज्यांचा खेळ, तोही फुकट. उलट क्रम लावला (८ चा स्पेक्ट्रा, मग ८.४५ चा सुपरट्री) तर मधली चाल गर्दीत धावपळीची होते. बाहेरची बाग फुकट आहे, क्लाउड फॉरेस्ट आणि फ्लॉवर डोम या काचघरांना तिकीट. दीड दिवसात ते सोडलं तरी चालेल, पण दुपारी धो-धो पाऊस लागला तर तिथेच जा, छताखाली आणि गार आहे.

परतताना बेफ्रंटहून निळी लाइन. लिटल इंडियाला बुकिट पांजांग दिशेची, चायनाटाउनला एक्स्पो दिशेची. फलाट बघून चढा.

पाऊस कधीही येतो आणि तासाभरात जातो. नोव्हेंबर ते जानेवारी जास्त. पोंचोपेक्षा छत्री बरी, कारण दमटपणात पोंचोच्या आत घामाने भिजायला होतं. वीज चमकत असेल तर मोकळ्या पुलावर थांबू नका.

रात्री साडेदहा ते सकाळी ७ सार्वजनिक जागेत मद्यपान बंद. लिटल इंडिया आणि गेलांगमध्ये शनिवार-रविवारी त्याहून कडक नियम आहेत.

---

खिडकीचीसीट

क्रम पक्का उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाऊ उबिन बेट की बोटॅनिक गार्डन्स? विमान दुपारी ३ चं आहे आणि बॅग सोबत असेल.

---

घाटमाथा

३ च्या विमानाला बोटॅनिक गार्डन्स. पहाटे ५ ला उघडतं, फुकट आहे (आतल्या ऑर्किड गार्डनला तिकीट), २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ७ ला तिथे, साडेनऊला परत, सॅक उचलून साडेअकराला चांगी. वेळ हातात राहतो.

उबिन मला जास्त आवडतं, पण त्याचं गणित तुमच्या हातात नसतं. चांगी व्हिलेजच्या धक्क्यावरून सुटणारी लाकडी बोट १२ माणसं जमल्याशिवाय निघत नाही. गर्दी नसलेल्या दिवशी वाट बघावी लागते, किंवा उरलेल्या जागांचे पैसे भरावे लागतात. भाडं माणशी ४ डॉलर, रोख. वादळ आलं तर बोटी थांबतात, आणि तुम्ही बेटावर अडकता. विमान रात्री ८ नंतरचं असेल तरच उबिन करा, तेही असं: सॅक आधी विमानतळाच्या लगेज काउंटरवर (पैसे देऊन) ठेवा, एमआरटीने तानाह मेराह, तिथून २ नंबरची बस चांगी व्हिलेजला. बेटावर सायकल भाड्याने, ब्रेक तपासूनच घ्या. हातात प्लास्टिकची पिशवी धरू नका, माकडं आणि रानडुकरं तिला खाऊ समजतात.

---

पहाटगाडी

ज्यांचं पुढचं विमान पहाटे ५-६ चं आहे त्यांनी हॉस्टेल न घेता चांगीवर रात्र काढावी का?

---

सह्यसॅक

काढता येते, पण ट्रान्झिटच्या आत. तिथे गालिचे, आडवं व्हायच्या आरामखुर्च्या आणि पैसे देऊन शॉवर आहेत. बाहेरच्या भागात झोपायची नीट सोय नाही. अडचण आत शिरण्याची. चेक-इनला बॅग असेल तर काउंटर उघडेपर्यंत बाहेरच बसावं लागतं, आणि स्वस्त कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या फक्त काही तास आधी उघडतात. नुसती केबिन बॅग आणि ऑनलाइन बोर्डिंग पास असेल तर रात्रीच इमिग्रेशन पार करून आत जाता येतं. काही कंपन्या व्हिसा तपासायला काउंटरवर बोलावतात, तसं असेल तर बोर्डिंग पास ऑनलाइन निघतच नाही. ते आदल्या दिवशीच कळतं, त्यावरून हॉस्टेल ठरवा. शेवटची एमआरटी चुकवू नका. पहाटेची पहिली गाडी ५-६ च्या विमानाला उपयोगाची नाही.

ज्युएल आणि तिथला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, हेही धरा. एकदा आत गेलात की तो बघता येत नाही. रात्री १० नंतर पाणी बंद करतात, त्याआधी बघून घ्या.

---

निळीछत्री

@खिडकीचीसीट, एक राहिलं. चांगीच्या टर्मिनल १, २, ३ वर हातसामानाची सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते, फक्त टर्मिनल ४ मध्ये ती आधी एकाच जागी असते. म्हणजे इमिग्रेशन पटकन झालं म्हणून दुकानांत रमलात तर शेवटी गेटवर रांग लागते. बोर्डिंगच्या वेळेला गेटवर हजर राहा. बाटलीतलं पाणी आत शिरण्याआधी पिऊन टाका. काया किंवा सांबळची बरणी घेतली असेल तर तीही द्रवातच मोजतात, १०० मिलीच्या वरची केबिन बॅगेतून जाणार नाही. बालीच्या तिकिटावर सामान घेतलंच असेल तर बरणी सॅकमध्ये कपड्यांच्या मध्ये गुंडाळा, आणि सॅक काउंटरवर देताना पट्टे आत खोचून कंबरपट्टा बांधा. मोकळे पट्टे सामानाच्या सरकत्या पट्ट्याच्या रोलरमध्ये अडकून फाटतात.